पिशवीचा ताळेबंद

इचलकरंजीच्या कापड पेठेत तीन पिढ्यांपासून पेढी असलेले एक गृहस्थ महिन्यातील दहा-बारा दिवस फिरतीवर असतात. व्यवहार कोऱ्या कापडाचा. त्यामुळे मुंबई, भिवंडी, सुरत, अहमदाबाद आणि क्वचित पाली-बालोतरा ही त्यांची नित्याची वाट. वडिलांच्या काळी या फेरीसाठी एक वळकटी, नमुन्यांची गठडी आणि बंडीच्या खिशातील छोटी वही एवढे पुरत असे. मुलाच्या काळी वळकटी गेली, नमुने कुरियरने जाऊ लागले आणि त्यांची जागा पाठीवरच्या एका काळ्या पिशवीने घेतली. त्या पिशवीत सारी पेढीच मावते, असे ते अभिमानाने सांगत. ते शब्दशः खरे होते, हे एका संध्याकाळी अहमदाबादच्या स्थानकावर त्यांच्या ध्यानी आले.

गाडीतून उतरल्यावर ते फलाटावरील बाकावर क्षणभर टेकले. दिवसभर फोन वापरून त्याची बॅटरी उतरली होती, म्हणून तो पॉवर बँकेला जोडून पिशवीतच ठेवलेला. पाण्याची बाटली भरून घेण्यापुरते ते वळले आणि परत फिरले तेव्हा बाक रिकामे होते.

रेल्वे पोलिसांकडे तक्रार लिहून देताना त्यांना वस्तूंची यादी करावी लागली. लॅपटॉप, त्याचा चार्जर, टॅब्लेट, प्रवासी प्रिंटर, हार्ड डिस्क, दोन पॉवर बँका, दोन फोन, तीन मोबाइल चार्जर, विजेची एक्स्टेंशन, नऊ केबली, माउस, हेडफोन आणि डिजिटल सहीचे टोकन. एकूण पंचवीस वस्तू. वजन सात किलोच्या घरात. म्हणजे देशांतर्गत विमानात हातातील सामानासाठी सर्वसाधारणपणे जेवढी मुभा असते, तेवढे केवळ यंत्रांचेच. लिहिता लिहिता त्यांना जाणवले, की या फेरीत त्यांपैकी सातच वस्तू बाहेर निघाल्या होत्या : एक फोन, लॅपटॉप, दोघांचे चार्जर, एक पॉवर बँक आणि दोन केबली. उरलेल्या अठरा वस्तूंनी नुसता प्रवास केला होता.

एका ट्रकची रात्र

वस्तू गेल्याचे दुःख त्या रात्री दुय्यम ठरले, कारण त्याच वेळी बारा लाखांचे कापड घेऊन निघालेला पेढीचा ट्रक भिवंडीजवळ उभा होता. गिअरबॉक्स बिघडल्यामुळे त्याचे तीन दिवस तेथेच गेले होते. व्यापाऱ्यांना ठाऊक आहे, की पन्नास हजार रुपयांवरील माल परराज्यात पाठवताना ई-वे बिल लागते आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. इचलकरंजी ते अहमदाबाद हे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. म्हणजे पाच दिवस. पाचवा दिवस त्याच मध्यरात्री संपत होता. मुदत वाढवून घेता येते, परंतु ती संपण्यापूर्वीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांत. म्हणजे सकाळी आठपर्यंतच.

ती न वाढवता ट्रक पुढे निघाला आणि रस्त्यात तपासणी झाली, तर हिशेब सरळ होता. कापडावरील कर पाच टक्के, म्हणजे साठ हजार रुपये. मालाचा मालक पुढे आला तरी दंड कराच्या दोनशे टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार. शिवाय माल अडकून पडणार आणि गिऱ्हाईक हातचे जाण्याची भीती ती वेगळीच.

दुसऱ्या कोणाच्या संगणकावर बसून मुदत वाढवावी, तर १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर सर्वच करदात्यांना परवलीच्या शब्दाबरोबर ओटीपीही द्यावा लागतो. तो ओटीपी ज्या फोनवर यायचा, तो पिशवीसोबत गेलेला. सकाळी दुकान उघडताच दुसरे सिम मिळाले असते, पण सिम बदलल्यानंतर पहिले चोवीस तास त्यावर एसएमएस येऊ न देण्याची दक्षता दूरसंचार कंपन्या २०२२ पासून घेतात. चोराच्या हाती ओटीपी पडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था त्या रात्री धन्यालाच आडवी आली. पत्नी भागीदार होत्या, घरी संगणक होता, हिशेबाची त्यांना उत्तम जाण होती. परंतु त्यांच्या नावाने प्रवेशाची सोय कधी केलेलीच नव्हती. भागीदारीच्या करारावर त्यांची सही होती, व्यवहारात मात्र सारी दारे एकाच किल्लीने उघडत होती.

आणखी एक अडचण अशी, की घरी कळवावे तर पत्नीचा नंबर त्यांना पाठ नव्हता. मुलीचा नव्हता, मुनीमजींचाही नव्हता. पाठ होता तो फक्त पेढीच्या जुन्या दूरध्वनीचा. तो काढून टाकावा म्हणून घरात दोनदा विषय निघाला होता आणि दोन्ही वेळा ऐंशी वर्षांच्या अण्णांनी नकार दिला होता. लॉजच्या व्यवस्थापकाच्या फोनवरून त्यांनी तो नंबर फिरवला. पेढीच्या मागेच घर. रात्री साडेनऊ वाजता अण्णांनीच फोन उचलला.

अण्णांनी पिशवी कशी गेली हे विचारले नाही. “तू जेवलास का?” एवढे विचारले आणि “संध्याकाळ झाली, आता जेवायचे नाही” हे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न केला, “माल कुठल्या ट्रान्सपोर्टचा?” नाव ऐकताच त्यांनी सुनेला हाक मारून आपली वही मागवली. तीत ट्रान्सपोर्ट कचेरीचा नंबर होता. माल वाहून नेणाऱ्या वाहतूकदारालाही आपल्या खात्यातून ई-वे बिलाची मुदत वाढवता येते, हा नियम सूनबाईंना माहीत होता. वाहतूकदारांच्या कचेऱ्या रात्रीच जाग्या असतात. अकराच्या सुमारास मुदत वाढल्याचा निरोप लॉजवर पोहोचला.

वजन दोन प्रकारचे

या हकीकतीचा बोध “सामान सांभाळावे” एवढाच घेतला, तर तो अपुरा ठरेल. सामान सर्वच सांभाळतात आणि तरीही ते कधीतरी जाते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की फिरतीच्या पिशवीला दोन प्रकारचे वजन असते. एक किलोग्रॅममधले, ते खांद्याला कळते. दुसरे अवलंबनाचे, ते पिशवी गेल्यावरच कळते. नखाएवढे सिम कार्ड वजनात नगण्य, पण त्या रात्री त्यावर बारा लाखांचा माल टांगलेला होता. उलट सव्वा किलोचा प्रिंटर गेल्याने पेढीचे काडीमात्र अडले नाही.

म्हणून पिशवी हलकी करू इच्छिणाऱ्याने प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन फेऱ्यांत ही किती वेळा बाहेर निघाली? आणि ही आजच हरवली, तर उद्या सकाळी काय अडेल? पहिल्याचे उत्तर “एकदाही नाही” असेल, तर ती वस्तू घरी राहावी. दुसऱ्याचे उत्तर “सर्वच अडेल” असेल, तर मात्र त्याच वस्तूची दुसरी प्रत पिशवीत टाकून भागत नाही. दोन फोन एकाच पिशवीत असतील, तर दोन्ही एकदमच जातात. अशा वेळी जोड द्यायची ती यंत्राला नव्हे, अधिकाराला. आणि ती पिशवीत नव्हे, घरी.

बँकेत रोखीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी दक्ष म्हणणार नाही. पेढीच्या बाबतीत मात्र कित्येक कर्ते पुरुष वर्षानुवर्षे हेच करीत असतात.

घरी काय ठेवावे

महिनाभराने त्या घरी गादीवर बसून नवी पिशवी भरली गेली, तेव्हा पती-पत्नी, मुलगी आणि अण्णा असे चौघेही हजर होते. आधी ठरले ते घरी ठेवायच्या गोष्टींचे.

पहिला निर्णय अधिकारांचा. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर मुख्य खात्याखाली उपवापरकर्ते नेमता येतात. प्रत्येकाचा परवलीचा शब्द वेगळा आणि ओटीपीही ज्याच्या-त्याच्या फोनवर. पत्नींच्या नावाने अशी नोंद झाली. बँकेतही त्यांना स्वतःचा प्रवेश मिळाला. पतीचा ओटीपी फोनवरून विचारून काम उरकणे हा मार्ग सोपा वाटतो, पण तो टाळलेलाच बरा. ओटीपी सांगण्याची सवय घरात एकदा रुळली, की बाहेरच्या लबाड आवाजालाही तो सहज सांगितला जातो.

दुसरा निर्णय डिजिटल सहीचा. कंपन्यांना आणि एलएलपींना जीएसटीच्या कामासाठी ती अनिवार्य आहे. मालकी व भागीदारी पेढ्यांना ओटीपीवर आधारित पडताळणीने विवरणपत्र भरता येते. या पेढीने ते टोकन सरकारी निविदांसाठी घेतले होते, म्हणजे वर्षातून दोन-तीनदा लागणारी वस्तू दर फेरीला हिंडत होती आणि तिचा पिन त्यावरच चिठ्ठीने चिकटवलेला होता. सह्या केलेले कोरे धनादेश खिशात घालून फिरण्यासारखेच हे होते. चोरीनंतर संबंधित संस्थेला कळवून ते प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे लागले. नवे टोकन आता पेढीच्या कपाटातच असते.

तिसरा निर्णय हार्ड डिस्कचा, आणि तो सर्वांत जिव्हारी लागणारा होता. डिस्कवर दहा वर्षांचे हिशेब होते. त्यांची प्रत घरच्या संगणकावर असल्याने पेढीचे नुकसान झाले नाही. परंतु त्याच डिस्कवर पार्ट्यांचे भाव, त्यांची बँक खाती आणि नोकरांच्या आधार कार्डांच्या प्रतीही होत्या. कुलूप कशालाच नव्हते. त्या लोकांनी ती माहिती या पेढीवरच्या विश्वासाने दिली होती. ती त्यांची ठेव होती आणि ठेव घेऊन फलाटावर हिंडण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता. पुढील आठवड्यात मोठ्या पार्ट्यांना स्वतः फोन करून घडला प्रकार सांगणे हे त्या गृहस्थांना चोरीपेक्षा जड गेले. तरी त्यांनी ते केले, आणि एकाही पार्टीने व्यवहार तोडला नाही.

टॅब्लेट मुलीकडे गेला. प्रिंटर नव्याने घेतलाच नाही. बिल फोनवरूनच धाडता येते आणि कागद हवाच असेल, तर दलालाच्या कचेरीत छापून मिळतो.

पिशवीत काय असावे

उरलेल्या गोष्टींत सर्वांत मोठी बचत झाली ती चार्जरांत. पूर्वी प्रत्येक यंत्राचे तोंड निराळे, म्हणून चार्जर निराळा. २०१४ मध्ये टाइप-सी या जोडणीचे प्रमाण ठरले आणि चित्र पालटू लागले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल फोनांना ही जोडणी सक्तीची झाली. आज अनेक हलके लॅपटॉपही तिच्यावरच चार्ज होतात. त्यामुळे ६५ वॅटचा, दोन-तीन तोंडांचा एकच चार्जर फोन, लॅपटॉप आणि पॉवर बँक या तिघांनाही पुरतो. गॅलियम नायट्राइड, म्हणजे “गॅन” प्रकारचे चार्जर आकाराने लहान असतात. चार्जर विकत घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. स्वस्तात मिळालेला चार्जर महागडा लॅपटॉप बिघडवू शकतो.

केबली दोनच असाव्यात. परंतु सर्व केबली सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात. काही केवळ फोनपुरती वीज वाहतात. लॅपटॉपसाठी किमान ६० वॅट पेलणारी केबल आहे का, हे दुकानातच विचारावे.

पॉवर बँक एकच आणि बेताची असावी. तिच्यावर लिहिलेला एमएएचचा आकडा ३.७ ने गुणून हजाराने भागला, की वॅट-अवर मिळतात. वीस हजार एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर, दहा हजारांची म्हणजे ३७. विमानात शंभर वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आणि ती नेहमी हातातील सामानातच ठेवायची, बेल्टवर सोपवायच्या बॅगेत कदापि नाही. फोनच्या एक-दोन भरण्यांना दहा हजारांची पुरते. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी तोंडांतून माहिती चोरली जाण्याचा धोका रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मधील आपल्या फसवणूकविषयक पुस्तिकेत नोंदवला आहे. म्हणून तेथे थेट केबल न लावता आपला चार्जर विजेच्या प्लगमध्ये लावावा किंवा आपली पॉवर बँक वापरावी.

लॉजच्या वायफायऐवजी स्वतःच्या फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट द्यावे; बँकेचे काम असेल तेव्हा तर निश्चितच. त्यामुळे वेगळे डोंगल लागत नाही. हेडफोनऐवजी तारेचा साधा इअरफोन पुरतो. त्याला चार्जिंग लागत नाही.

असा हिशेब केल्यावर नव्या पिशवीत सव्वा किलोचा लॅपटॉप, १३० ग्रॅमचा चार्जर, २०० ग्रॅमची पॉवर बँक, दोन केबली आणि इअरफोन राहिले. एकूण पावणेदोन किलोच्या आत. लॅपटॉपवरील सर्व माहिती कूटबद्ध केलेली, म्हणजे परवलीच्या शब्दावाचून कोणालाही वाचता न येणारी. फोन मात्र पिशवीत नसतो. तो अंगावरच्या खिशात. दोन दिवसांच्या फेरीला तर लॅपटॉपही घरी राहतो, कारण ई-वे बिल, ऑर्डरी आणि बँकेचे बहुतेक व्यवहार फोनवर होतात. लांबलचक खातेउतारे तपासायचे असतील तेव्हाच मोठा पडदा लागतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

दुबई, हाँगकाँग किंवा अँटवर्पला व्यापारानिमित्त जाणाऱ्यांनाही हेच गणित लागू पडते. चार्जरवर “इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ” असे छापलेले असेल, तर तो कोणत्याही देशात चालतो. केवळ पिनेचा जोड बदलावा लागतो. दुबई व हाँगकाँगला तीन चौकोनी पिना, बेल्जियमला दोन गोल. तेव्हा वजनदार ट्रान्सफॉर्मर नेण्याचे कारण नाही. भारतीय सिमवर रोमिंग मात्र निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे, कारण बँकेचे एसएमएस त्याच क्रमांकावर येतात. इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम वेगळे घेता येते.

वहीचे पान

एवढे सर्व झाल्यावर अण्णांनी एक वस्तू पिशवीत वाढवण्यास सांगितले, आणि ती सर्वांनी मान्य केली. पोस्टकार्डाएवढा एक कागद. त्यावर घरचे तीन नंबर, ट्रान्सपोर्ट कचेरी, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी १९३०, आणि फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक. हा क्रमांक *#०६# फिरवल्यावर पडद्यावर दिसतो. पोलीस तक्रारीच्या प्रतीसह तो संचार साथीच्या संकेतस्थळावर नोंदवला, की हरवलेला फोन देशातील कोणत्याही जाळ्यावर चालू नये अशी व्यवस्था होते. परवलीचे शब्द आणि पिन यांना त्या कागदावर स्थान नाही. कागदाची एक प्रत पाकिटात, दुसरी पेढीच्या दूरध्वनीशेजारी.

पिशवीत आता बरीच जागा उरते. पूर्वी यंत्रांच्या गर्दीत डब्याला थारा नसे आणि गाडी उशिरा पोहोचली, की सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ हुकून रात्र उपाशी काढावी लागे. आता त्या जागेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बसते.

मागील महिन्यात ते गृहस्थ पुन्हा अहमदाबादला गेले होते. तेथे असताना पेढीचा एक ट्रक वाटेत थांबल्याचा निरोप आला. त्यांनी घरी फोन केला, तेव्हा पत्नी म्हणाल्या, “मुदत मघाशीच वाढवली. अण्णा विचारताहेत, डबा उघडला का?”